वजनावर वाटलेला धंदा

आमचा धंदा धंदा म्हणून मी पहिल्यांदा पाहिला तो तराजूला टांगलेला. बाबांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. धारगळच्या हमरस्त्यावर भंगार विकत घेणारा एक जण बसतो. त्याला काकांनी त्याच्या मोठ्या काट्यासकट घरी बोलावलं होतं. अंगणातल्या फणसाच्या फांदीला काटा अडकवला आणि मागच्या खोपीतून एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. तांब्याची काहील, लोखंडी कढया, झारे, पितळी पराती, शेगड्या, ताडपत्र्या, दुकानाच्या फळ्या. भंगारवाला वजन मोठ्यानं सांगायचा आणि मास्तर मान हलवायचे.

मास्तर म्हणजे आमच्या गावच्या मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि आता देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. पेडणे तालुक्यातल्या आमच्या त्या वाड्यावर कुणाच्या घरी वाटणी असली, की मास्तरांना कदेल, म्हणजे खुर्ची, मांडून मध्ये बसवतात. मला पाटीवर अक्षर त्यांनी गिरवून दिलं. चौथीत स्कॉलरशिपच्या परीक्षेला मला स्वतःच्या स्कूटरवरून नेलं. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्याविषयी मला जे लिहायचं आहे ते चांगलं नाही.

आम्ही खाजेकार. चण्याच्या पिठाच्या कांड्या तळायच्या, आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या, वर तीळ. गोव्यात जत्रेला किंवा चर्चच्या फेस्ताला गेलेला माणूस खाज्याची पुडी घेतल्याशिवाय घरी येत नाही. आजोबा सीमेपलीकडचे, बांद्याच्या बाजूचे. डिचोलीच्या खाणींवर मजुरीला आले आणि तिथल्याच एका खाजेकाराकडे हाताखाली राहून हे शिकले. पुढे बाबा आणि काका दोघांनी मिळून धंदा चालवला. तळायचं काम काकांचं, पाक आईचा, आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं काम बाबांचं.

वाटणी वजनावर झाली. निम्मं लोखंड इकडे, निम्मं तिकडे. तांब्याची काहील एकच होती. ती कापता येत नाही म्हणून काकांकडे गेली, आणि तिच्या बदल्यात आईच्या ढिगात लोखंड वाढवत नेलं. शेवटी काटा थोडासा काकांकडे झुकलेलाच राहिला. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, पडवीत पडलेला दगडी वरवंटा उचलला आणि आईच्या ढिगावर ठेवला. काटा सरळ झाला. मास्तर म्हणाले, "झाला बरोबर." सगळ्यांनी चहा घेतला.

वरवंटा आमचाच होता. आई त्याच्यावर रोज आलं चेचायची.

आई आतल्या दाराशी उभी होती. तिनं एकच प्रश्न विचारला.

"आणि जागे?"

जागे म्हणजे जत्रेतल्या दुकानाच्या जागा. आमच्या गावच्या जत्रेत आमच्या दोन आहेत, एक वेशीजवळ आणि एक दीपमाळेजवळ. दीपमाळेजवळ बाबा बसायचे. पायऱ्या उतरून आलेला माणूस पहिल्यांदा तिथेच थांबतो. दर्शन झालेलं असतं, पायांत चपला सरकवायच्या असतात, पोरं हात ओढत असतात. वर्षाची निम्मी कमाई त्या एका जागेवर व्हायची असं बाबा म्हणत. आता मोपाचा विमानतळ झाल्यापासून हॉटेलांतली माणसंही जत्रा बघायला येतात. ती तर दीपमाळेचा फोटो काढल्याशिवाय हलत नाहीत.

मास्तरांनी आईकडे बघून हसून सांगितलं, "जागे देवाचे, वयनी. ते वाटूचे नसतत."

आणि काका म्हणाले, बाईमाणसानं जत्रेत दुकान मांडून एकटं बसणं बरं दिसत नाही, दोन्ही जागांवर मी बसेन, तुम्हाला काही कमी पडू देणार नाही. भंगारवाल्यानं काटा उतरवला. त्यानं येण्याजाण्याचे पैसे मागितले, तेही दोघांच्यात निम्मे झाले.

मी डिचोलीला एका कर सल्लागारांच्या ऑफिसात नोकरी करते. पेडण्याच्या कॉलेजात बी.कॉम. झाले तेव्हा घरात कुणाला बी.कॉम. म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. बाबा लोकांना सांगत, मुलगी बँकेचं शिकली. ऑफिसातले साहेब चांगले आहेत. त्यांनीच मला सुचवलं की बिझनेस व्हॅल्युएशनचा पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स कर, पुढे उपयोग होईल. एका खासगी विद्यापीठाचा कोर्स, आठवड्यात संध्याकाळी ऑनलाइन आणि रविवारी पणजीला प्रत्यक्ष वर्ग. फी मी पगारातून भरली. अस्नोड्यावरून स्कूटरनं घरी येताना मला कितीदा तरी वाटायचं, की माझ्यासारख्या मुलीला हे मिळतंय हे केवढं आहे. आजोबा खाणीत पाट्या वाहत होते आणि मी धंद्याची किंमत कशी काढतात ते शिकते आहे.

वाटणीनंतरच्या रविवारच्या वर्गात सरांनी फळ्यावर तीन पद्धती लिहिल्या. धंद्याची किंमत तीन वाटांनी काढता येते, असं ते म्हणाले. एक, त्याच्याकडे काय वस्तू आहेत त्यावरून. दोन, तो पुढे किती कमावेल त्यावरून. तीन, तसाच दुसरा धंदा बाजारात कितीला गेला त्यावरून. मग सर म्हणाले, की पहिली पद्धत एकटी वापरायची ती बंद पडलेल्या धंद्याला. चालता धंदा भंगाराच्या भावानं कुणी मोजत नाही.

मी वही मिटली. शेजारच्या मुलीनं विचारलं, बरं नाही का. मला बरंच होतं. मला फक्त आमच्या अंगणातला फणस दिसत होता. माझ्या समोर, मी बी.कॉम. असताना, चालता धंदा भंगाराच्या काट्यावर मोजला गेला होता आणि मी चहाच्या पिरिशी, म्हणजे बश्या, आत-बाहेर नेत होते.

कोर्सच्या शेवटी एका खऱ्या धंद्याचं मूल्यांकन करून अहवाल द्यायचा होता. वर्गात बहुतेक जण सीए किंवा इंजिनिअर. कुणी मामाचं हॉटेल घेतलं, कुणी वडिलांची औषधांची एजन्सी. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, जत्रेतलं खाज्याचं दुकान. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "शेअर बाजारात आणणार काय?" आणि वर्ग हसला. तो हसणाराही वाईट मुलगा नव्हता. नंतर त्यानं मला चहा दिला. सर हसले नाहीत. त्यांनी मायेनं सुचवलं की ताळेबंद असलेलं काहीतरी घ्या, तुम्हालाच सोपं जाईल. मायेनं केलेल्या सूचनेवर रागावता येत नाही, म्हणून मी "हो सर" म्हटलं आणि दुकानच घेतलं.

दोन महिने मी त्यावर बसले. आईला विचारून विचारून मागच्या जत्रांची विक्री जुळवली. पीठ, गूळ, तेल, टेम्पोचं भाडं वजा केलं. हंगाम कधी चालतो, पावसात किती महिने हात बांधून बसावं लागतं, तेही धरलं. मग जे दिसलं ते मी तीन वेळा तपासलं. काहील, कढया, फळ्या असं सगळं सामान मिळून धंद्याच्या किमतीचा अगदी लहानसा तुकडा होत होता. उरलेली सगळी किंमत जागांमध्ये होती, आणि तिच्यातलीही मोठी दीपमाळेजवळच्या जागेत. म्हणजे ज्याची वाटणी झाली ते जवळपास काहीच नव्हतं, आणि जे खरं होतं ते मास्तरांनी देवाच्या नावावर करून काकांच्या हातात दिलं होतं.

अहवाल मी सरांकडे पाठवला. तो परत आला. त्यांनी व्यवस्थित वाचला होता, हे मी मान्य करते. शेरा असा होता, की जागांवर तुमचा कायद्यानं बजावता येईल असा हक्क दिसत नाही, करार नाही, पावती नाही. म्हणून जागांचं मूल्य शून्य धरून पुन्हा मांडणी करावी. वर्गानंतर मी त्यांना गाठलं. म्हटलं, सर, माझे वडील आयुष्यभर तिथे बसले, सगळा तालुका ओळखतो.

"हे बघा," सर म्हणाले, "भावना बाजूला ठेवा. उद्या तुमच्या काकांनी बसू दिलं नाही, तर कोर्टात काय दाखवणार? दाखवता येत नाही ते आपल्या दृष्टीनं नाही."

"पण काका बसतात तेव्हा ते असतं?"

"त्यांच्याकडे तरी कुठं कागद आहे? त्यांचंही शून्यच." सरांना गाडी पकडायची होती.

शून्य काकांचंही होतं, फक्त त्या शून्यावर बसून ते खाजं विकणार होते.

त्याच आठवड्यात मी आईला घेऊन देवस्थानच्या ऑफिसात गेले. जत्रा महिन्यावर आली होती. कमिटीचे दोघे-तिघे आणि मास्तर बसले होते. मी अहवालातली पानं बरोबर नेली होती, पण ती काढलीच नाहीत. एवढंच म्हटलं की दोन जागांपैकी बाबांची एक आईला मिळावी. एका सभासदानं मास्तरांकडे बघत सांगितलं की जागेवरचा माणूस बदलणं कमिटीच्या हातात नाही, जुनी रीत आहे. दुसरा हसत म्हणाला, "तुमी पलतडची माणसां, तुमका जागो दिलो होच देवाचो उपकार." पलतडची म्हणजे सीमेपलीकडची. आजोबा येऊन किती काळ लोटला. त्यांची चिता याच गावात जळली, बाबांचीही.

मास्तरांनी मला जवळ बोलावलं. "बाय, तू शिकलंस. आमका बरां वाटता. पण देवाच्या जाग्याक मोल लावूचा नसता. तुझ्या त्या कोर्सात ह्या शिकवूक नाय?"

मी घरी येताना स्कूटर इतकी जोरात चालवली की आई मागून दोनदा म्हणाली, सावकाश. पणजीतले सर म्हणाले शून्य, कारण कागद नाही. गावातले मास्तर म्हणाले मोल नाही, कारण देव आहे. एकाला देवाशी घेणंदेणं नव्हतं, दुसऱ्याला कोर्टाशी, आणि दोघांचं उत्तर एकच निघालं. दोघेही माझे शिक्षक. दोघांनी मला पुष्कळ दिलं आहे. मला त्या रस्त्यावर वाटलं की मी आयुष्यभर ज्यांना नमस्कार केला, ते सगळे आमच्या ढिगावर वरवंटा ठेवणारेच आहेत.

आई मात्र तयारीला लागली. वाटणीतली पोचे पडलेली कढई घासून काढली, गूळ आणला. मी विचारलं, कुठे बसणार आहेस? ती म्हणाली, "वानगी तरी ठेवतलंय."

वानगी हे आमच्या जत्रेचं मुख्य काम. जत्रेच्या सकाळी, पालखी निघायच्या आधी, प्रत्येक दुकानदार आपल्या मालातला पहिला वाटा केळीच्या पानावर घेऊन सभामंडपात येतो. हलवाई पेढे आणतो, चणेवाला चणे, काकणवाला काकणं. मग गावचा घाडी, गावातर्फे देवाशी बोलणारा मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालतो. त्यात तो रांगेतल्या जागा एकेक करून उच्चारतो, आणि त्या त्या जागेचा माणूस पुढे येऊन आपलं पान ठेवतो. ज्यानं पान ठेवलं, त्याची ती जागा पुढल्या जत्रेपर्यंत. आणि जे त्या जागेवर विकायचं, तेच पानावर हवं. चणे विकणाऱ्यानं पेढे ठेवून चालत नाही. देवाला खोटी वानगी होते. लहानपणी मी बाबांच्या धोतराला धरून तिथे उभी राहिलेली आहे. पान ठेवताना बाबा पायांतला काटा काढावा तसे हळूच वाकायचे.

त्या सकाळी मी आईला घेऊन मंडपात जाण्याआधी दीपमाळेकडे वळले. काकांची ताडपत्री बांधलेली दिसेल असं वाटलं होतं. तिथे निळ्या प्लॅस्टिकखाली एक तरुण मुलगा मोबाइलची कव्हरं टांगत होता. शेकड्यांनी कव्हरं, चमकणारी, वर हेडफोन आणि फोटो काढायच्या काठ्या. मला आधी वाटलं आपण चुकीच्या ठिकाणी आलो. त्याला विचारलं तेव्हा तो बेळगावकडच्या बोलीत म्हणाला की जागा भाड्यानं घेतली आहे, जत्रेचं भाडं आगाऊ दिलं आहे. कुणाला? त्यानं वेशीकडे बोट दाखवलं. वेशीजवळ काकांचं दुकान मांडलेलं होतं, त्यात आमच्या आजोबांची तांब्याची काहील चकचकत होती.

आकडा त्यानं सांगितला. मी तो इथे लिहीत नाही. अहवालात मी त्या जागेचं जे उत्पन्न धरलं होतं, त्याच्याहून तो फार लांब नव्हता.

आईनं माझा हात धरला. तिला वाटलं असणार मी तिथेच काहीतरी करीन. तो मुलगा आमच्याकडे गोंधळून बघत होता. त्याचा काय दोष? आम्ही मंडपात गेलो.

मंडपात गर्दी होती. बायका एका बाजूला, दुकानदार समोर, मास्तर खांबाला टेकून. घाडीनं गाऱ्हाणं सुरू केलं. वेशीजवळच्या जागेचं नाव आलं, काका पुढे झाले, खाज्याचं पान ठेवलं, नमस्कार केला. मग चणेवाले, काकणवाले, खेळण्यांवाले. आई माझ्यापुढे उभी होती, पदराखाली तिचं पान. तिचं खाजं त्या सकाळी थोडं करपलं होतं.

"दीपमाळेकडलो खाजेकार," घाडी म्हणाला.

आणि काका पुन्हा पुढे आले. हातात दुसरं पान, खाज्याचंच. सवयच ती. बाबांच्या आजारपणातही त्यांनी दोन्ही पानं ठेवली होती, त्याआधी आजोबांच्या नंतर बाबांनी. दीपमाळेकडे खाजं, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. जागा कव्हरांना दिली तरी पानावर खाजंच आलं. ते वाकले.

"काका," मी म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण गाऱ्हाण्यात कुणी मध्ये बोलत नाही, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. "त्या जागेवर आज काय विकतात?"

काका वाकलेले तसेच थांबले. मग सरळ होऊन म्हणाले, "तू गप रव. ह्या बायलांचा काम न्हय."

"खाजं असेल तर ठेवा. नसेल तर ही देवाला खोटी वानगी."

कुजबूज सुरू झाली. कुणीतरी बाहेर जाऊन पाहून आलं. कुणीतरी त्या बेळगावच्या मुलालाच बोलावून आणलं. तो बिचारा चपला हातात घेऊन दाराशी उभा राहिला. मास्तरांनी त्याला विचारलं, तुला जागा कुणी दिली.

"ह्यांनीच की हो. पैसे दिलोय मी, साहेब. फुकट बसलो न्हाई."

मी मास्तरांकडे वळले. मला ते वाक्य महिनाभर टोचत होतं. "मास्तर, देवाच्या जागेला मोल नसतं असं तुम्ही सांगितलंत. मग ह्यानं काय दिलं? आणि कुणाला दिलं?"

मास्तरांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काकांकडेही नाही. काका म्हणत होते की एका जत्रेपुरतंच, माणूस मिळत नाही, दोन ठिकाणी एकट्यानं कसं तळायचं, भावाची पोर मंडपात अब्रू काढते. त्यांच्या बोलण्यात थोडं खरंही होतं. पण दोन ठिकाणी एकट्याला जमत नाही हे ते आईला सांगू शकले असते. आमचं घर त्यांच्या घराला लागून आहे. मधे एक जनेल, म्हणजे खिडकी, उघडली की पुरे.

मग मास्तर घाडीला म्हणाले, "ह्या पान बाजूक कर. दुसऱ्या कोणी पान हाडलां?"

आई पुढे गेली. बायकांच्या बाजूनं दुकानदारांच्या बाजूला जायला चार पावलं होती, तीही तिनं भिंतीच्या कडेनं टाकली. पान ठेवलं. घाडीनं गाऱ्हाणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे नेलं, आणि या वेळी खाजेकारीण म्हणाला. मला नमस्कार करायचं सुचलं नाही. मी रडत नव्हते, मला इतका राग आला होता की दात दुखत होते. बाबांच्या नंतर आई वर्षभर रोज पाक करत होती, काकांसाठी, आणि तेव्हा तिचं काही नव्हतं. काकांनी पैसे घेतल्याचं एक परका सांगतो, तेव्हा कुठे तिचं पान पुढे येतं.

मी तिथेच मास्तरांना म्हणाले की आता हे लिहून द्या, कमिटीच्या सहीशिक्क्यानं. ते म्हणाले, "फुडल्या वर्सा वानगी घेवन येवा. तोच कागद." मी पुन्हा तोंड उघडलं, पण आईनं दंड ओढला. ताडपत्री बांधायची होती, दुपार होत आली होती.

दीपमाळेजवळ त्या मुलानं आपलं सामान गोळा करायला घेतलं होतं. काका त्याचे पैसे लगेच देत नव्हते, संध्याकाळी बघू म्हणत होते. आईनं त्याला सांगितलं, "ऱ्हव रे. त्या कोनशाक बस." म्हणून त्या जत्रेत बाबांच्या जागेवर अर्ध्यात खाजं आणि कोपऱ्यात मोबाइलची कव्हरं, अशी दोन दुकानं होती. वारा सुटला तेव्हा आईनं ताडपत्रीच्या टोकावर तो वरवंटा ठेवला. आलं चेचायला आणला होता, तो दोन्ही कामांना आला. वेशीकडून एकदा काकांनी वळून पाहिलं. आई पुड्या बांधत होती, तिनं मान वर केली नाही. मी केली.

जत्रेनंतर मी अहवाल पुन्हा लिहिला. जागांच्या भागात एकच नवा परिच्छेद घातला: अमुक जत्रेत हीच जागा एका अनोळखी व्यापाऱ्यानं बाजारभावानं भाड्यानं घेतली, आगाऊ रक्कम देऊन. त्या मुलानं मला साध्या कागदावर लिहूनही दिलं होतं, खाली मोबाइल दुकानाचा शिक्का मारून. सरांचं उत्तर दोन दिवसांत आलं. उत्तम, आता बाजारातला पुरावा मिळाला, मूल्य मान्य. शिवाय असं स्थानिक उदाहरण पुढच्या तुकडीला दाखवायला वापरू का, असंही त्यांनी विचारलं.

मी पास झाले. ऑफिसातल्या साहेबांनी पेढे आणले. मी सरांचे आभार मानले, आणि ते खोटे नव्हते. आकडे कसे मांडायचे ते मला त्यांनीच शिकवलं. पण तो परिच्छेद वाचला की माझं डोकं आजही तापतं. बाबा त्या जागेवर जन्मभर बसले, आजोबा बसले, आई घरात पाक करत करत हात भाजून घेत राहिली, आणि ह्या सगळ्याला पुरावा म्हणत नाहीत. काकांनी एका जत्रेपुरती जागा परक्याला दिली आणि पैसे खिशात घातले, हा पुरावा. आईच्या जागेची किंमत सिद्ध करायला मला काकांच्या लबाडीचा आधार घ्यावा लागला, आणि त्या लबाडीला उत्तम असा शेरा मिळाला. मूल्य माझं मान्य झालं. जागा मात्र अजून केळीच्या पानावर आहे.

म्हणून मी कमिटीकडे अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे. बेळगावच्या मुलाचा कागद, जुन्या दुकानदारांच्या सह्या, सगळं जोडलं आहे. उत्तर नाही. कमिटीची सभा होते, विषय पुढे जातो.

यंदा चतुर्थीला मास्तर नेहमीप्रमाणे गणपती बघायला आमच्या घरी आले. आईनं डोळ्यांनी खूण केली, पाया पड. मी पडले. ज्यांनी हात धरून अक्षर काढायला शिकवलं त्यांच्या पाया मी पडणारच. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, नोकरीचं विचारलं, सर्टिफिकेट भिंतीवर लावलंस की नाही असंही विचारलं. आईनं चहा आणला, बरोबर खाजं.

"मास्तर," मी म्हणाले, "अर्जाचं काय झालं?"

त्यांनी चहा पिरिशीत ओतला आणि निवण्याची वाट बघत बसले. आईनं मला आत बोलावलं, मोदकांचं काहीतरी काम काढून. मी गेले नाही. मी तिथेच उभी राहिले.